नागपुरात नर्सिंग असिस्टंट होताना

नागपुरात नर्सिंगचा कोर्स शोधणाऱ्या मुलामुलींच्या हाती पडणाऱ्या पत्रकांवर गणवेशातील परिचारिकेचे छायाचित्र असते, खाली नोकरीची हमी असते; मात्र कोर्स कोणत्या परिषदेचा किंवा मंडळाचा आहे, हे बहुधा कुठेच लिहिलेले नसते. चौकशीला गेल्यावर पहिला प्रश्न तोच विचारावा. एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका) हा दोन वर्षांचा आणि जीएनएम (सामान्य परिचर्या व प्रसूतिशास्त्र) हा तीन वर्षांचा अभ्यासक्रम असून तो उत्तीर्ण झाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी होते. नर्सिंग असिस्टंटच्या कामासाठी सध्या जे प्रमाणपत्र विचारले जाते ते जनरल ड्युटी असिस्टंटचे, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या जीडीएचे. ते हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलने ठरवलेल्या निकषांवर मिळते आणि त्याच्या आधारे परिषदेची नोंदणी होत नाही. मी जीडीएच्या वाटेने या कामात आले. वाट चांगली आहे, पण या प्रमाणपत्राने आपण परिचारिका होतो असे जर कोणी सांगत असेल, तर तिथे पैसे भरू नयेत.

प्रवेशाबद्दल थोडक्यात सांगते. प्रधानमंत्री कौशल विकास योजनेखालील तुकडीत उमेदवाराकडून शुल्क घेतले जात नाही. खासगी केंद्रात ते घेतले जाते. दोन्हीकडे रुग्णालयातले प्रत्यक्ष प्रशिक्षण कोणत्या वॉर्डात होणार, हे आधी विचारून घ्यावे, कारण केवळ पुतळ्यावर शिकलेल्या मुलीला पहिल्याच ड्युटीला अर्धांगवायूचा रुग्ण कुशीवर वळवताना घाम फुटतो. अर्जावरील नाव आधार कार्डाशी अक्षरशः जुळावे. लग्नानंतर नाव बदललेल्या मैत्रिणींची प्रमाणपत्रे याच कारणाने अडकलेली मी पाहिली आहेत.

परीक्षा शिकवणारे केंद्र घेत नाही, बाहेरचे परीक्षक घेतात. लेखी भाग अवघड नसतो. खरा कस प्रात्यक्षिकात लागतो, आणि तिथे वेगापेक्षा क्रमाला महत्त्व असते. साबणपाण्याने हात धुण्यास ४० ते ६० सेकंद लागतात. नळ कोपराने किंवा कागदाने बंद करणे हाही त्या कृतीचाच भाग आहे. श्वास मोजताना रुग्णाला तसे सांगू नये, कारण सांगितले की तो श्वास बदलतो. नाडी पाहत असल्यासारखे मनगट धरून ठेवावे आणि छातीकडे पाहत पूर्ण एक मिनिट मोजावे. प्रौढ माणसात तो आकडा साधारण १२ ते २० असतो. रुग्णाला खाटेवरून चाकाच्या खुर्चीत घेताना खुर्ची त्याच्या सशक्त बाजूला ठेवावी, दोन्ही चाकांचे ब्रेक लावावेत, पाय ठेवायचे आधार वर घ्यावेत आणि मगच त्याला उठवावे. ब्रेक राहिला, तर बाकी सारे नीट करूनही काही उपयोग नसतो.

कचऱ्याचे रंग तर झोपेतही सांगता आले पाहिजेत. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार रक्ताने माखलेला कापूस व ड्रेसिंग पिवळ्या पिशवीत, सलाइनच्या नळ्या, कॅथेटर व हातमोजे लाल पिशवीत, सुया व ब्लेड पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात आणि काचेच्या कुप्या निळ्या खोक्यात जातात. वापरलेल्या सुईला टोपण पुन्हा लावायचे नसते. ती टोचलीच, तर जखम दाबून रक्त काढत बसू नये. साबणपाण्याने धुवावी आणि ताबडतोब इन्चार्ज सिस्टरांना कळवावे. एचआयव्हीचे प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत, आणि शक्य तितक्या लवकर, सुरू व्हावे लागते, म्हणून ड्युटी संपेपर्यंत थांबणे धोक्याचे आहे.

नोकरी लागल्यावरचा सर्वांत नाजूक भाग म्हणजे आपल्या कामाची हद्द. रुग्णाला आंघोळ घालणे, भरवणे, दर दोन तासांनी कूस बदलणे, तापमान व नाडी नोंदवणे, दिलेले पाणी आणि झालेली लघवी मोजून लिहिणे हे आपले काम. इंजेक्शन देणे आणि सलाइन लावणे हे नोंदणीकृत परिचारिकेचे काम. रात्रपाळीत माणसे कमी असली की ही रेघ पुसट होते. एका लहान रुग्णालयात मला सलाइनमध्ये औषध सोडायला सांगण्यात आले, तेव्हा "सिस्टर, आबाजींजवळ मी थांबते, औषध तुम्हीच सोडा," एवढेच मी म्हटले. त्या दोन दिवस अबोल राहिल्या. तरीही माझा सल्ला हाच आहे, कारण काही बिघडले तर कागदोपत्री आपल्या पाठीशी कोणीही नसते.

नागपूरच्या उन्हाळ्यात पाण्याच्या त्या नोंदीला विशेष मोल येते. पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की वृद्ध रुग्ण तहान लागत नाही म्हणून पाणी टाळतात. लघवी कमी व गडद दिसू लागली किंवा आजी एकाएकी असंबद्ध बोलू लागल्या, तर सिस्टरांना लगेच सांगावे. भाषेचेही तसेच आहे. मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांतच नव्हे, तर धंतोलीच्या खासगी रुग्णालयांतही मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा, बालाघाट, शिवनीकडचे रुग्ण येतात, त्यामुळे दुखणे कुठे, कसे आणि केव्हापासून आहे, हे हिंदीत विचारता येणे आवश्यक आहे.

प्रमाणपत्र हाती आल्यावर त्याला जोड देत राहावे लागते. हिपॅटायटिस बी लसीच्या तीन मात्रा शून्य, एक आणि सहा महिन्यांनी घेऊन त्याची नोंद जपावी. बीएलएसचे, म्हणजे प्राथमिक जीवरक्षणाचे कार्ड साधारण दोन वर्षे चालते. मुदत संपण्यापूर्वी ते पुन्हा करावे, कारण मुलाखतीत ते पाहिले जाते. नोकरी सोडताना अनुभवाच्या दाखल्यावर केवळ कालावधी नको, वॉर्डाचे नावही असावे, कारण आयसीयूत काढलेले वर्ष आणि ओपीडीत काढलेले वर्ष यांचे वजन सारखे नसते. घरी जाऊन सेवा देणाऱ्या एजन्सीकडून काम घेतल्यास बारा तासांची ड्युटी, साप्ताहिक सुटी आणि घरकाम करावे लागणार नाही, हे तिन्ही मुद्दे लेखी घ्यावेत. हे लेखी मागताना संकोच करणाऱ्या मुली पुढे भांडी घासताना मी पाहिल्या आहेत.

बारावी झालेली असेल आणि वय बसत असेल, तर दोनेक वर्षे काम करून एएनएमला जावे, असे मी प्रत्येक नवीन मुलीला सांगते. त्यानंतर परिषदेची नोंदणी मिळते, पण तिचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी सतत शिक्षणाच्या कार्यशाळांचे गुण दाखवावे लागतात. त्या कार्यशाळांची प्रमाणपत्रे पहिल्या वर्षापासून एकाच फायलीत लावावीत आणि परिषदेकडे नोंदवलेला मोबाइल क्रमांक बदलला, तर तो लगेच दुरुस्त करून घ्यावा.