महाबळेश्वर ते वाई: भूविज्ञानाचं पहिलं वर्ष एका उतारावर

पहिल्या वर्षाच्या भूविज्ञानात प्लेट टेक्टॉनिक्स, खडक, विदारण, नद्या, हवामान, भूकंप अशी प्रकरणं एकामागून एक येतात आणि बहुतेक मुलं ती तशीच वाचतात. पास व्हायला तेवढं पुरतं. पृथ्वी समजायला पुरत नाही, कारण तिथे ही सगळी प्रकरणं एकाच जागी, एकाच वेळी चालू असतात. मी साताऱ्यात हा विषय शिकवते. नव्या वर्गाला पहिलं काम हेच देते की एक जागा निवडा आणि वर्षभर प्रत्येक धडा तिला लावून बघा. आमची जागा ठरलेली आहे: सह्याद्रीचा माथा ओलांडून पोलादपूर ते महाबळेश्वर ते वाई. तुम्ही रत्नागिरीचे असाल तर जांभ्याचा सडा घ्या, चंद्रपूरचे असाल तर कोळशाचा पट्टा.

सुरुवात नकाशापासून करा. सर्वे ऑफ इंडियाची १:५०,००० ची टोपोशीट घ्या. आलेख कागदाची कड नकाशावर पोलादपूर ते वाई अशी ठेवा, जिथे समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणारी) कापली जाते तिथे खूण करा, आकडा लिहा आणि छेद, म्हणजे जमिनीचा बाजूने दिसणारा आकार, हाताने काढा. आडवा १ सेंमी म्हणजे ५०० मीटर होतो. उभ्या अक्षावर १ सेंमीला १०० मीटर धरलेत तर उंची पाचपट ताणली जाते. ते छेदाखाली लिहायचंच, नाहीतर तुमचा घाट भिंतीसारखा दिसेल आणि तुम्हाला ते खरं वाटेल. संगणकावर हे क्षणात होतं, मान्य आहे. पण रेषा कुठे दाटतात आणि कुठे पांगतात हे बोटांनी मोजल्याशिवाय डोक्यात बसत नाही.

आता त्या छेदावर नद्या घाला. सावित्री आणि कृष्णा दोन्ही महाबळेश्वरच्याच माथ्यावरून निघतात. उगम सुमारे १३०० मीटर उंचीवर धरा. सावित्री पश्चिमेला साधारण १०० किमी वाहून अरबी समुद्राला मिळते, कृष्णा पूर्वेला सुमारे १४०० किमी वाहून बंगालच्या उपसागराला. भागाकार करा: सावित्रीचा सरासरी उतार किलोमीटरला १३ मीटर, कृष्णेचा १ मीटरपेक्षाही कमी. हा एक भागाकार नदीच्या प्रकरणातली कितीतरी पानं उघडतो. जास्त उताराची नदी जोरात खणते, तिचं शीर्ष मागे सरकत जातं, आणि म्हणूनच कोकणाकडे कडा आहे तर देशाकडे रुंद, संथ खोरी आहेत.

खणायला पाणी लागतं, म्हणून पुढचा धडा हवेचा. समुद्रावरून येणारी दमट हवा कड्यावर चढते, वर दाब कमी म्हणून प्रसरण पावते आणि थंड होते, बाष्पाचे ढग होतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो; तिथून ३० किमीवरच्या वाईला हजाराच्या आत. छेदाच्या वरच्या बाजूला पावसाचे स्तंभ काढून ठेवा. पर्जन्यछाया ही व्याख्या पाठ करायची गरजच उरत नाही.

आणि खाली काय आहे? दोन्हीकडे तोच काळा कातळ, बेसॉल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हा. मला या उताराचं सगळ्यात मोठं देणं हे वाटतं की मूळ खडक सारखा आहे आणि पाणी वेगळं आहे, म्हणजे निसर्गाने प्रयोगच मांडून ठेवलाय. वर धो धो पावसाने सिलिका, कॅल्शियम, मॅग्नेशियम वाहून नेलं आणि लोह-ॲल्युमिनियम मागे राहिलं: महाबळेश्वर-पाचगणीचा तांबडा जांभा. खाली कमी पावसात बेसॉल्टमधल्या फेल्डस्पार या खनिजाची चिकणमाती झाली, फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी: काळी माती. मधल्या टप्प्यावर मुरूम दिसेल, तो म्हणजे अर्धवट विदारण झालेला बेसॉल्ट. या तिन्हींचे नमुने शेजारी ठेवून बघा. शिवाय एक गोष्ट बहुतेकांच्या वहीतून निसटते. पावसाच्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड या विदारणात खर्च होतो आणि बायकार्बोनेट होऊन नदीतून समुद्रात जातो. म्हणजे सह्याद्रीचा प्रत्येक पावसाळा हवेतला थोडा कार्बन काढून घेतो. कार्बनचक्राची आकृती काढताना त्यात कृष्णा काढा.

प्रात्यक्षिकाला बेसॉल्टच्या पोकळ्यांमधली पांढरी खनिजं मुलांना हमखास चकवतात. रंगावर जाऊ नका. आधी काचेवर ओरखडा काढून बघा: निघाला तर क्वार्ट्झ, त्याचा काठिण्यांक ७. नाही निघाला तर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाका: फसफसलं तर कॅल्साइट. दोन्ही झालं नाही आणि पृष्ठभागावर मोत्यासारखी चमक असेल तर स्टिल्बाइट किंवा ह्यूलँडाइट, म्हणजे झिओलाइट गट. चाचण्यांचा क्रम बदलू नका.

काळाची कल्पना येण्यासाठी हे गणित करा. हे लाव्हाचे थर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे, आणि ज्या तप्तबिंदूशी (पृथ्वीच्या पोटातून तप्त पदार्थ वर येण्याची जागा) त्यांचा संबंध जोडतात तो आज रियुनियन बेटापाशी आहे, २१ अंश दक्षिणेला. महाबळेश्वर १८ अंश उत्तरेला. फरक ३९ अंश, अंशाला १११ किमी, म्हणजे सुमारे ४३०० किमी. तप्तबिंदू जागचा हलला नाही असं धरून ६.६ कोटींनी भागा: वर्षाला साधारण ६.५ सेंमी. आज भारतीय प्लेट वर्षाला सुमारे ५ सेंमी सरकते. सरासरी जास्त का आली? आशियाला धडकण्यापूर्वी वेग बराच जास्त होता म्हणून. उत्तराइतकंच महत्त्व त्यातल्या गृहीतकाला आहे. ते लिहिलं नाही तर मी गुण कापते.

भूकंपासाठी याच छेदाच्या दक्षिणेला उतरा. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप ६ रिश्टरच्या वरचा होता, आणि धरणाच्या जलाशयाशी जोडलेल्या भूकंपांत तो जगभर अभ्यासला जातो. तिथे पुढे खोल बोअर घेतले तेव्हा बेसॉल्टखाली ग्रॅनाइट-नाइसचा प्राचीन पाया लागला. तुमचा छेद वरच्या कातळावर थांबला असेल तर खाली वाढवा. सराव असा करा: भूकंपाची आधी पोहोचणारी पी लहर सेकंदाला ६ किमी, मागून येणारी एस लहर ३.५ किमी धरा. दोघींमधल्या प्रत्येक सेकंदाच्या अंतराला केंद्र सुमारे ८ किमी दूर. कोयना ते पुणे सरळ रेषेत साधारण १२५ किमी, मग पुण्याच्या आलेखावर अंतर किती सेकंद दिसेल? पंधराच्या आसपास यायला हवं.

उत्तर लिहिताना प्रत्येक प्रश्नाला तीन गोष्टी विचारा: ऊर्जा कुठून आली (सूर्य, पृथ्वीच्या पोटातली उष्णता की गुरुत्व), पदार्थ कुठून कुठे गेला, आणि किती काळात. दरड असो की ढग, या तिघांची उत्तरं आली की आकृती आपोआप सुचते. आधी आकृती, मग मजकूर.

घाटात जाल तेव्हा नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा. पावसाळ्यात ताज्या दरडीखाली कुणालाही उभं करू नका, नमुना कितीही चांगला दिसला तरी. दहापट भिंग, होकायंत्र, पाण्याची बाटली आणि पेन्सिल एवढं पुरतं. नमुन्याच्या पिशवीवर जागा, उंची आणि तारीख तिथेच लिहा. मूर्ती, मंदिर किंवा किल्ल्याच्या दगडावर हातोडा चालवायचा नाही. फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून.