फोनवरच्या स्वयंचलित सूचनांसाठी टेक्स्ट-टू-स्पीच निवडताय? या चुका टाळा

आयव्हीआरसाठी (फोनवर ‘एक दाबा, दोन दाबा’ सांगणारी स्वयंचलित यंत्रणा) टेक्स्ट-टू-स्पीच, म्हणजे मजकुराचा आवाज करणारं इंजिन, घ्यायचं ठरलं की बहुतेक ठिकाणी काम एकाच पद्धतीने होतं. तीन-चार कंपन्यांच्या डेमोतले आवाज ऐकायचे, मीटिंगमध्ये स्पीकरवर लावायचे आणि सगळ्यांना जो गोड वाटेल तो घ्यायचा. मग सिस्टिम सुरू होते आणि कॉल करणारे ‘पुन्हा ऐकण्यासाठी शून्य’ दाबत बसतात. निवडलेला आवाज वाईट नसतो. पण फोनच्या लाइनमधून जाऊन तो कसा ऐकू येतो आणि तुमचे आकडे, नावं, तारखा त्याला धड वाचता येतात का, या दोन गोष्टी कुणी तपासलेल्याच नसतात.

डेमो ऐकून आवाज ठरवणं

डेमोतला नमुना साधारण २४ किंवा ४८ किलोहर्ट्झचा असतो. साध्या फोन कॉलवर जी.७११ हा कोडेक (आवाज डिजिटल करून पाठवायची पद्धत) चालतो. त्यात सेकंदाला ८,००० नमुने आणि प्रत्येकी ८ बिट, म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिट एवढंच जातं. त्यातूनही ढोबळमानाने ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पलीकडे पोचतो. स, श, फ यांना एकमेकांपासून वेगळं करणारा बराचसा ध्वनी याच्या वर असतो, तो कापला जातो. खर्जातल्या आवाजाचा भारदस्तपणा ३०० हर्ट्झच्या खाली असतो, तोही जातो. हेडफोनवर रुबाबदार वाटलेला आवाज फोनवर घुसमटलेला का वाटतो, ते इथे कळतं. मधल्या पट्टीतला, व्यंजनं ठसठशीत उच्चारणारा आवाज डेमोत थोडा कोरडा वाटला तरी फोनवर तोच चालतो.

‘आमची लाइन व्हीओआयपी आहे, जी.७२२ चालतो’ असं म्हणून (म्हणजे कॉल इंटरनेटवरून जातो आणि कोडेक जास्त रुंद पट्ट्याचा आहे) ही तपासणी टाळू नका. कॉलच्या वाटेत एक टप्पा जरी जुन्या नेटवर्कचा असला, तरी पुढे सगळं ८ किलोहर्ट्झवरच येतं.

चाचणीसाठी तुमच्याच स्क्रिप्टमधली वीस-पंचवीस वाक्यं घ्या. स्वागताची कमी, आकड्यांची जास्त. प्रत्येक इंजिनातून ती तयार करा, ८ किलोहर्ट्झ ए-लॉ किंवा म्यू-लॉमध्ये (जी.७११ची दोन रूपं) बदला, एका चाचणी नंबरवर ठेवा आणि मोबाइलवरून कॉल करून ऐका: कानाला लावून, स्पीकरवर आणि रहदारीच्या आवाजात. ऐकणारा माणूस स्क्रिप्ट न वाचलेला हवा, कारण मजकूर माहीत असलेल्या कानाला सगळंच स्पष्ट ऐकू येतं. त्याच्या हातात कागद-पेन द्या आणि ऐकलेले आकडे लिहायला सांगा. सात, आठ, साठ किंवा एकोणसाठ, एकोणसत्तर यांत चुका कुठे होतात ते दहा मिनिटांत दिसतं. गुण द्यायचे तर या कागदाला द्या. ‘आवाज आवडला का’ हा प्रश्न नंतरचा.

आकडे इंजिनावर सोपवणं

सर्वाधिक तक्रारी इथूनच येतात. दहा अंकी मोबाइल नंबर तसाच पाठवला की इंजिन त्याची संख्या करून ‘नऊ अब्ज सत्त्याऐंशी कोटी…’ असं वाचायला लागतं. खाते क्रमांकाच्या सुरुवातीची शून्यं गिळली जातात. ‘०३/०४’ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च, हे इंजिनाच्या भाषेच्या सेटिंगवर ठरतं.

यावर एसएसएमएलमधला (मजकूर कसा वाचायचा, उदाहरणार्थ हा आकडा तारीख की नंबर, हे इंजिनाला सांगणारी टॅगची भाषा) ‘से-अ‍ॅज’ टॅग सुचवला जातो. तो वापरा, पण त्याच्यावर विसंबू नका. एसएसएमएल हे वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू३सीचं मानक आहे (१.० आवृत्ती २००४ची, १.१ आवृत्ती २०१०ची), मात्र ‘से-अ‍ॅज’ला कोणकोणते प्रकार द्यायचे हे त्या मानकात ठरवलेलंच नाही. ते प्रत्येक कंपनीने आपापलं ठरवलंय. शिवाय इंग्रजी आवाजावर चालणारा प्रकार त्याच कंपनीच्या मराठी आवाजावर निमूटपणे दुर्लक्षिला जाऊ शकतो. एररही येत नाही.

खात्रीचा उपाय म्हणजे आकड्यांचे शब्द तुमच्या प्रोग्रॅममध्येच करून इंजिनाला फक्त शब्द पाठवणं. त्याचे ठोकताळे असे. फोन नंबर, ओटीपी, तक्रार क्रमांक एकेक अंकाने वाचायचे, तीन-तीन-चारच्या गटांत, गटांमध्ये ३०० ते ४०० मिलिसेकंदांचा ‘ब्रेक’ देऊन. रक्कम संख्येने, लाख-कोटीच्या हिशोबात. तारीख ‘तीन एप्रिल’ अशी, महिन्याचं नाव घेऊन. वेग कमी करायचा तर फक्त आकड्यांपुरता, मूळ वेगाच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास. पूर्ण मेनूच सावकाश केला तर लोक कंटाळून मध्येच बटणं दाबतात.

मराठी मजकूर दिसतो तसाच आहे असं समजणं

एखादा शब्द इंजिन एका सूचनेत बरोबर आणि दुसऱ्या सूचनेत चूक उच्चारतं, तेव्हा आधी मजकुराची अक्षरं तपासा. स्क्रीनवर सारखे दिसणारे शब्द आतून वेगळे असू शकतात. ‘कॉल’मधला ‘ॉ’ हे एकच चिन्ह आहे, पण काही कीबोर्डवर तो काना आणि वर अर्धचंद्र असा दोन चिन्हांत टाइप होतो. ‘ॲप’मधला ‘ॲ’ एकाच कोडचा असतो किंवा ‘अ’ आणि अर्धचंद्र जोडून केलेला असतो. ‘दुसऱ्या’मधला ऱ्य काही ठिकाणी वेगळ्या ‘ऱ’ने येतो, तर काही ठिकाणी र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह यांनी. ते अदृश्य चिन्ह कॉपी-पेस्टमध्ये गळलं की शब्द ‘दुसर्या’ होतो आणि उच्चार बदलतो. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन (सारखी चिन्हं एकाच रूपात आणणं) हे फरक मिटवत नाही. त्यामुळे मजकूर इंजिनाकडे जाण्याआधी तुमचा स्वतःचा बदल-तक्ता लावा आणि कोणतं रूप त्या इंजिनाला पचतं ते एकदा ऐकून ठरवा.

संक्षेपांचंही तेच. ‘क्र.’, ‘ता.’, ‘डॉ.’ यांतल्या टिंबाला इंजिन वाक्याचा शेवट समजतं आणि मध्येच थांबतं. क्रमांक, तारीख, डॉक्टर असं पूर्णच लिहा. रोमन लिपीतले शब्द देवनागरीत आणा, नाहीतर काही इंजिनं त्या शब्दापुरता आवाजच बदलतात.

आता उच्चारांकडे. देवनागरी वाचणारा प्रत्येक आवाज मराठी बोलतो असं नाही. हिंदीवर घडवलेला आवाज मराठी मजकुरावर चालवला की ‘वेळ’चा ‘वेल’ होतो, ‘ज्ञ’चा ‘ग्य’ होतो आणि ‘पाच’मधला, ‘दहा वाजता’मधला, ‘जोडत आहोत’मधला दंततालव्य च-ज हमखास चुकतो. ‘चार’मधला च वेगळा आणि ‘पाच’मधला वेगळा, हे ज्या इंजिनाला जमतं त्याने मराठीवर खरंच काम केलंय असं समजा. या चाचणीसाठी एक वाक्य पुरतं: ‘तुमचा कॉल पाच मिनिटांत तज्ज्ञांकडे जोडत आहोत, थोडा वेळ थांबा.’ चुकणाऱ्या शब्दांसाठी इंजिनात उच्चारकोश लावता येतो का आणि ‘फोनीम’ टॅग (शब्दाचा नेमका उच्चार लिहून देणारा) तुम्ही निवडलेल्याच आवाजावर चालतो का, हे खरेदीआधी विचारा. एकाच कंपनीच्या जुन्या आवाजात असलेली ही सोय नव्या आवाजात नसणं अगदी शक्य आहे.

वाक्याचे तुकडे शिवणं

‘तुमच्या खात्यात’ ही एक फाइल, मग आकडा, मग ‘जमा झाले आहेत’ ही दुसरी फाइल. हे स्वस्त पडतं, पण प्रत्येक तुकडा सुटं वाक्य म्हणून तयार झाल्याने त्याच्या शेवटी आवाज खाली उतरतो आणि ऐकणाऱ्याला दर दोन शब्दांनी बोलणं संपल्यासारखं वाटतं. शक्य असेल तिथे पूर्ण वाक्य एकाच वेळी तयार करून घ्या. तुकडेच लागणार असतील तर प्रत्येक अंकाची दोन रूपं करा, वाक्याच्या मधलं आणि शेवटचं, आणि ती पूर्ण वाक्यातून कापून घ्या. नुसतं ‘एक’ एवढंच इंजिनाला देऊ नका. न्यूरल (यंत्रशिक्षणावर चालणारी) इंजिनं एका शब्दाच्या मजकुरावर अडखळतात, कधी शब्द लांबवतात, कधी दोनदा बोलतात.

मराठीत रिकाम्या जागा भरायच्या साच्यांची आणखी एक अडचण आहे. ‘एक तक्रार नोंदली आहे’, पण ‘दोन तक्रारी नोंदल्या आहेत’. विभागाचं नाव ‘विक्री विभाग’ असेल तर पुढे ‘विक्री विभागाशी जोडत आहोत’ असं सामान्यरूप लागतं, आणि ‘शाखा’ असेल तर ‘शाखेशी’. साच्यात नुसतं नाव टाकून मागे ‘शी’ चिकटवलं की आवाज कितीही चांगला असला तरी सूचना परकी वाटते. नावांच्या तक्त्यात सामान्यरूपाचा वेगळा रकाना ठेवा, प्रश्न मिटतो.

फाइलचा फॉरमॅट गृहीत धरणं

इथे बिघाडाचं लक्षण ऐकून कारण ओळखता येतं. आवाज जाड आणि अर्ध्या वेगाने येतोय? १६ किलोहर्ट्झची फाइल ८ समजून वाजतेय. चिरका आणि भरभर येत असेल तर याच्या उलट. शब्द अर्धवट कळतात पण आवाज फाटका, खरखरीत आहे? ए-लॉची फाइल म्यू-लॉ समजून वाजतेय. उत्तर अमेरिका आणि जपानमध्ये म्यू-लॉ चालतो, इतर बहुतेक ठिकाणी ए-लॉ, त्यामुळे बाहेरच्या सेवेचं मूळ सेटिंग तपासाच. नुसतीच खरखर असेल तर १६-बिट पीसीएम (न दाबलेला ध्वनी) ८-बिट म्हणून वाचलं जातंय. प्रत्येक सूचनेच्या सुरुवातीला ‘टिक’ येत असेल, तर हेडर नसलेल्या फाइलच्या जागी डब्ल्यूएव्ही फाइल गेलीय आणि तिचं ४४ बाइटचं हेडर आवाज म्हणून वाजतंय. सेकंदाला ८,००० बाइटच्या हिशोबाने ते साडेपाच मिलिसेकंद भरतं.

अ‍ॅस्टरिस्कवर (फोन यंत्रणा चालवणारं मुक्त सॉफ्टवेअर) साधी डब्ल्यूएव्ही फाइल ८ किलोहर्ट्झ, १६-बिट, मोनो अशी लागते. एमपी३ मध्ये आणूच नका. आधी एमपी३ने दाबलेला आवाज पुढे फोनच्या कोडेकने पुन्हा दाबला की स्पष्टता दोनदा जाते. पातळीही सगळ्या फाइलींची एकसारखी करा: बोलण्याची सरासरी पातळी डिजिटल कमाल मर्यादेच्या सुमारे २६ डेसिबल खाली. हेडफोनवर हे हळू वाटेल, फोनवर योग्य असतं.

‘नमस्कार’चं ‘स्कार’ ऐकू येत असेल तर तो दोष आवाजाचा नाही. कॉल उचलल्यावर दोन्ही बाजूंचा ध्वनिमार्ग जुळायला थोडा वेळ लागतो आणि तेवढ्यात पहिलं अक्षर निघून जातं. कॉल-फ्लोमध्ये उत्तरानंतर अर्धा ते एक सेकंद थांबा घाला, फाइलमध्ये नको, कारण तीच फाइल मध्येही वापरली जाते. उलट, काही इंजिनं प्रत्येक वाक्यामागे अर्धा-पाऊण सेकंद शांतता सोडतात. सहा पर्यायांच्या मेनूत ती साडेचार सेकंदांपर्यंत साचते. ती कापून १५० ते २०० मिलिसेकंदांवर आणा.

सगळंच कॉल चालू असताना तयार करणं

न बदलणाऱ्या सूचना आधीच तयार करून सर्व्हरवर ठेवा. थेट निर्मिती फक्त नाव, रक्कम, तारीख असलेल्या वाक्यांसाठी. पण आवाज दोन्हीकडे तोच हवा, म्हणजे थेट निर्मितीत मिळणारा आवाजच स्थिर सूचनांसाठी घ्या.

थेट निर्मितीत पहिला ध्वनी किती वेळात येतो ते मोजा, तेही गर्दीच्या तासात. सरासरी पाहू नका, शंभरातले सर्वात संथ पाच कॉल पाहा. फोनवर सेकंदभर शांतता झाली की माणूस ‘हॅलो?’ म्हणतो किंवा ठेवून देतो. आधीच तयार असलेलं ‘कृपया थांबा, माहिती घेत आहोत’ वाजवून त्यामागे नवं वाक्य तयार करून घेता येतं. सेवेकडून दोन सेकंदांत काही आलं नाही तर पुढे काय, हे आधीच ठरलेलं हवं: स्थानिक फाइल वाजवायची किंवा कॉल माणसाकडे द्यायचा. एकाच वेळी किती विनंत्या चालतात तेही विचारा; चाळीस लाइन असताना मर्यादा वीसची निघाली तर गर्दीतच सगळं कोलमडतं. जुन्या कॉल सेंटर यंत्रणा एमआरसीपीवर बोलतात (आवाजाची इंजिनं जोडायचा प्रोटोकॉल; दुसरी आवृत्ती, २०१२ची आरएफसी ६७८७). नव्या क्लाउड सेवा बहुधा थेट ते बोलत नाहीत, मध्ये जोडणी लागते.

तयार झालेली वाक्यं साठवताना ओळखीच्या किल्लीत मजकुराबरोबर आवाजाचं नाव, इंजिनाची आवृत्ती, वेग आणि फॉरमॅट हेही घ्या, नाहीतर सेटिंग बदलल्यावरही जुनीच फाइल वाजत राहील. ओटीपी आणि शिल्लक असलेली वाक्यं साठवूच नका.

बिल आणि करार न वाचणं

दर बहुधा अक्षरांवर असतो आणि देवनागरीत अक्षर म्हणजे युनिकोडचं चिन्ह. ‘किंमत’ डोळ्यांना तीन अक्षरं दिसतात, मोजणीत पाच होतात, कारण वेलांटी आणि अनुस्वार वेगळे धरले जातात. मोजणी किंवा मर्यादा बाइटमध्ये असेल तर युटीएफ-८मध्ये प्रत्येक चिन्हाचे तीन बाइट होतात. म्हणजे ५,००० बाइटच्या मर्यादेत देवनागरीची सुमारे १,६०० चिन्हंच बसतात. एसएसएमएलचे टॅग मोजले जातात की नाही, हेही कंपनीगणिक वेगळं असतं.

करारात चार गोष्टी शोधा. तयार आवाज फोन सेवेत व्यावसायिकरीत्या वाजवायची परवानगी आहे का. फाइली साठवून पुन्हा वापरता येतात का, आणि सेवा सोडल्यावरही त्या वापरता येतील का. पाठवलेला मजकूर कंपनी किती दिवस ठेवते. आणि आवाज बदलणार किंवा बंद होणार असेल तर किती आधी कळवलं जाईल. शेवटचा मुद्दा सर्रास राहून जातो. आवाजाची नवी आवृत्ती आली की त्यानंतर बनवलेली एकच नवी सूचना बाकीच्या दोनशे सूचनांमध्ये वेगळी ऐकू येते आणि सगळ्या पुन्हा तयार कराव्या लागतात. म्हणून प्रत्येक सूचनेचा मूळ मजकूर, एसएसएमएल आणि सेटिंग फाइलींच्या शेजारीच जपून ठेवा, म्हणजे संपूर्ण संच एका स्क्रिप्टने पुन्हा काढता येतो.