विमा नसलेल्या वाहनाचा अपघात झाल्यास चालक व मालक यांचे हक्क आणि करावयाची कार्यवाही

कापसाच्या हंगामात वणी-पांढरकवडा किंवा अकोट-दर्यापूर भागातील रस्त्यांवर धावणाऱ्या अनेक जुन्या दुचाकींचा विमा केव्हाच संपलेला असतो. १ सप्टेंबर २०१८ पासून नवीन दुचाकीसोबत पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा (आपल्या गाडीने दुसऱ्याचे झालेले नुकसान भरून देणारा विमा) घ्यावाच लागतो; परंतु ती पाच वर्षे सरल्यावर नूतनीकरण राहून जाते. अशा गाडीला अपघात झाला, की ‘आपल्याच गाडीचा विमा नाही, ठाण्यात गेलो तर आपणच अडकू’ या धास्तीने पायात रॉड टाकलेला माणूससुद्धा फिर्याद देत नाही, आणि समोरच्या वाहनाच्या विमा कंपनीकडून मिळू शकणारी भरपाई हातची जाते. ही धास्ती अनाठायी आहे.

विम्याशिवाय वाहन चालवणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १९६ खालील गुन्हा आहे. पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा तोच गुन्हा घडल्यास दंड ४,००० रुपये, अशी त्याची शिक्षा आहे. मात्र अपघात कोणाच्या चुकीने झाला हा प्रश्न यापासून पूर्णपणे वेगळा आहे. समोरचा ट्रक चुकीच्या बाजूने आला असेल, तर तुमच्या दुचाकीचा विमा नव्हता एवढ्या कारणावरून तुमचा दावा फेटाळता येत नाही, कारण विमा नसल्याने अपघात घडत नसतो.

अपघातस्थळी सर्वप्रथम जखमींना उपचार मिळवून द्यावेत आणि १०८ व ११२ या क्रमांकांवर कळवावे. कलम १३४ नुसार चालकाने जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे आणि शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा २४ तासांच्या आत, पोलिसांना माहिती देणे बंधनकारक आहे. जमाव संतप्त असल्यास तेथे थांबण्याची सक्ती कायदा करत नाही, परंतु तेथून निघून थेट जवळच्या ठाण्यात हजर व्हावे; घरी जाऊन लपल्यास पुढे तेच तुमच्या विरोधात जाते. मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्राच्या योजनेनुसार अपघातग्रस्ताला नियुक्त रुग्णालयात अपघाताच्या दिनांकापासून सात दिवसांपर्यंत १,५०,००० रुपयांच्या मर्यादेत रोखरहित उपचार मिळू शकतात. गाडीचा विमा नाही म्हणून जखमी या योजनेतून वगळला जात नाही. त्यासाठी पोलिसांकडे अपघाताची नोंद होणे आवश्यक असते, म्हणून ११२ वर कळवणे टाळू नये.

चूक समोरच्याची असल्यास त्याच्या वाहनाचा क्रमांक टिपून घ्यावा. त्यावरून त्याची विमा कंपनी शोधता येते. प्रथम खबरेची (एफआयआरची) प्रत, घटनास्थळाचा पंचनामा, रुग्णालयातील एमएलसीची (पोलीस प्रकरण म्हणून केलेली वैद्यकीय) नोंद आणि औषधांची प्रत्येक पावती जपून ठेवावी. दावा अपघात झाला त्या किंवा तुम्ही राहता त्या क्षेत्रातील मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दाखल करता येतो. म्हणजे महामार्गावर दूर कोठेतरी अपघात झाला तरी यवतमाळच्या शेतकऱ्याला तेथे खेटे घालण्याची गरज नाही. कलम १६६ खालील दाव्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे, आणि हाडाच्या दुखण्यात ती कधी उलटून जाते हे कळतही नाही. शेतकऱ्याजवळ पगारपत्रक नसते. म्हणून सातबारा, बाजार समितीतील किंवा जिनिंगमधील विक्रीच्या पावत्या आणि कायमचे अपंगत्व आल्यास जिल्हा रुग्णालयाचे प्रमाणपत्र यांवरच भरपाईचा आकडा बहुतांशी अवलंबून राहतो. तुमचीही काही चूक ठरल्यास तेवढ्या प्रमाणात रक्कम कमी होते: चार लाखांचे नुकसान आणि २५ टक्के चूक तुमची, तर तीन लाख मिळतील. धडक देणारे वाहन पळून गेले व सापडलेच नाही, तर कलम १६१ च्या योजनेत मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५०,००० रुपयांची तरतूद आहे.

चूक तुमचीच असेल आणि गाडी विम्याविना असेल, तर स्थिती खरोखर कठीण आहे व ती लपवण्यात अर्थ नाही. स्वतःच्या दुखापतीची भरपाई कोणाकडूनही मिळत नाही, आणि समोरच्याची भरपाई मालकाला स्वतःच्या खिशातून द्यावी लागते. न्यायाधिकरणाच्या निवाड्याची रक्कम न भरल्यास ती जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येते, म्हणजे गोष्ट शेतापर्यंत पोहोचू शकते. अपघातानंतर घाईघाईने विमा काढून उपयोग नाही. पॉलिसीवर लिहिलेल्या वेळेपासूनच संरक्षण सुरू होते आणि मागची तारीख टाकून घेणे ही फसवणूक ठरते. अपघातात कोणी जखमी वा मृत झाल्यास जप्त झालेली गाडी न्यायालय पुरेशी हमी घेतल्याशिवाय सोडत नाही, आणि हमी न दिल्यास तीन महिन्यांनंतर तिचा लिलाव होऊ शकतो.

तरीही हक्क उरतातच. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा, भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) खालील गुन्हासुद्धा जामीनपात्र आहे. अटकेचे कारण जाणून घेण्याचा आणि वकिलाला भेटण्याचा हक्क चालकाला आहे, व २४ तासांच्या आत त्याला न्यायदंडाधिकाऱ्यासमोर हजर करावेच लागते. न्यायाधिकरणाची नोटीस आली तर ती परत पाठवू नये. लेखी म्हणणे मांडून साक्षीदारांची उलटतपासणी घेता येते. गैरहजर राहिल्यास निकाल एकतर्फी लागतो, आणि निकाल मान्य नसल्यास उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात अपील करण्यासाठी ९० दिवसांचीच मुदत असते.

सालगडी किंवा पगारी चालक मालकाच्या विमा नसलेल्या ट्रॅक्टरवर कामावर असताना जखमी झाल्यास, त्याची स्वतःची चूक असली तरी, तो १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याखाली मालकाकडून भरपाई मागू शकतो. गावात हे फारसे कोणी सांगत नाही, आणि मालकाला दुखवायचे नाही म्हणून मजूर विचारतही नाही.

गावातल्या बैठकीत ठरलेल्या तडजोडीच्या कोऱ्या कागदावर सही करू नये. समझोता करायचाच असेल तर तो लोकअदालतीत नोंदवावा. तेथील निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतका पक्का असतो. वकिलाची फी परवडत नसल्यास तालुका विधी सेवा समितीकडे किंवा १५१०० या क्रमांकावर संपर्क साधावा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि अपंग व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे. अर्जासोबत आधार कार्ड, प्रथम खबरेची प्रत आणि तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला न्यावा.