रॅम्प नीट करून घ्यायचाय? आधी तो मोजा

मी व्हीलचेअर वापरते. आमच्या स्टेशनवरचा रॅम्प इतका उभा की चढताना भाच्याला छाती लावून रेटावं लागायचं, उतरताना मला उलटं धरून वीत-वीत खाली घ्यावं लागायचं. तक्रार केली की ठरलेलं उत्तर: ‘रॅम्प उपलब्ध आहे.’ दोन वर्षं हेच. मग मी ओळखीच्या गवंड्याकडून पाणसळ मागून आणली.

१२० सेंटिमीटरची सरळ पट्टी घ्या, तिच्यावर पाणसळ ठेवा. वरचं टोक रॅम्पवर टेकवा आणि पाणसळीचा बुडबुडा मधोमध येईपर्यंत खालचं टोक उचला. त्या टोकाखालची पोकळी टेपने मोजा. चढ एकास बारापेक्षा जास्त नको, म्हणजे इथे १० सेंटिमीटर. आमचे भरले १७! पट्टी, टेप आणि आकडा एकाच फोटोत घ्या. तीन ठिकाणी मोजा. पायथ्याशी तर मोजाच, कारण तिथलं डांबर खचून उंबरठा तयार होतो, पुढची लहान चाकं अडकतात आणि माणूस तोंडावर पडतो.

मग फाटकापासून फलाटापर्यंत, खिडकी-संडासासकट, खुर्चीवरूनच फिरा. दार उघडून मोकळी जागा मोजा. ९० सेंटिमीटर हवी. लिफ्टला कुलूप असेल तर तारीख-वेळ टिपा. मुंबईत दिव्यांग डबा थांबतो तिथे बीप वाजते. ती बंद पडली तर डोळसांच्या लक्षातही येत नाही, म्हणून अंध मित्राला सोबत न्याच.

लिफ्ट, बीप अशा लगेच दुरुस्त होणाऱ्या गोष्टींसाठी रेल्वेची हेल्पलाइन १३९ किंवा तिचं तक्रारीचं ॲप रेलमदद. तक्रार क्रमांक जपून ठेवा. बांधकामासाठी डीआरएम, म्हणजे रेल्वेच्या विभागीय व्यवस्थापकांच्या, कार्यालयात लेखी अर्ज द्या. एका ओळीत एकच दोष, पुढे माप. दिव्यांग हक्क कायदा २०१६चं कलम ४१ नमूद करा. सुगम्यतेचे किमान निकष सक्तीचेच हवेत, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४मध्ये सांगितलंय, तेही लिहा. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

उत्तर आलं नाही तर दहा रुपयांचा माहिती अधिकार अर्ज करा. ‘रॅम्प का केला नाही?’ असं विचारू नका. ‘या रॅम्पच्या मंजूर नकाशाची प्रत द्या’ असं मागा. आमचं काम तिथेच हललं: नकाशात एकास बारा, जागेवर १७ सेंटिमीटर. तरीही दाद नाही मिळाली, तर दिल्लीत दिव्यांगजन मुख्य आयुक्तांकडे तक्रार करता येते.

काम सुरू झालं की काँक्रीट पडायच्या आधी पट्टी घेऊन जा. मी गेले, तेव्हा मुकादमाने स्वतःच दुसरं टोक धरलं.