माळरानावरचा पहिला हंगाम: गवत आणि माती

मुंबईतल्या विद्यार्थ्यांचा माळरानावरचा प्रकल्प बहुतेकदा तेरडा, सोनकी आणि सीतेच्या आसवांच्या फोटोंवरच संपतो. फुलं काही आठवड्यांत आटोपतात. माळ टिकतो तो गवतावर. गवत मात्र तुऱ्याशिवाय ओळखू येत नाही. जुलैतली कोवळी पाती पाहून मारवेल की शेडा, यात भलेभले चकतात. म्हणून दहा जागा एकेकदा फिरण्यापेक्षा एकच जागा जुलै ते नोव्हेंबर दर महिन्याला पाहा. नमुना तुरा, पेरं आणि मुळांसकट काढा. पावसाळ्यात नमुना वाळवायच्या दाबणीतले वर्तमानपत्राचे कागद रोज बदलले नाहीत, तर तिसऱ्या दिवशी बुरशी. नाव पक्कं करायला झेवियर्स कॉलेजमधलं ब्लॅटर हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह, आहे. आधी कळवून जा.

गवत मोजायला जमिनीवर ठेवायची चौकट १ मीटर बाय १ मीटर. पीव्हीसी पाइपचे चार तुकडे, चार एल्बो (कोपऱ्याचे जोड), पण चिकटवू नका. सुटे तुकडे लोकलच्या गर्दीत नेता येतात, शिवाय उंच गवतात तीन बाजू सरकवून चौथी नंतर बसवता येते. अख्खी चौकट वरून दाबली की बाहेरची काडी वाकून आत येते आणि मोजणी फुगते. मूळ आत असेल तीच काडी मोजायची. प्रत्येक जातीचं आच्छादन, म्हणजे चौकटीतली किती जमीन ती झाकते, ते टक्क्यांत लिहा. थर एकमेकांवर येतात, त्यामुळे बेरीज १००च्या वर गेली तरी घाबरू नका.

माती त्याच चौकटीतून घ्यायची, पाच ठिकाणांहून, वरचा पालापाचोळा सारून १० सेंटिमीटरपर्यंत. सगळी मिसळून अर्धा किलो. कातळावर खुरपी लगेच अडते. तिथे सळई खुपसून जेवढी भरेल तेवढीच खोली लिहा. तीन असेल तर तीन. लेबल पेन्सिलीनेच, शाई ओघळते. संध्याकाळीच माती सावलीत पसरा. ओली माती पिशवीत बांधून ठेवली, तर नायट्रोजनचे आकडे बदलतात. वाळल्यावर २ मिलिमीटरच्या चाळणीतून काढा. सामू (pH) मोजायला १० ग्रॅम मातीला २५ मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाणी.

मातीतल्या बारीक किड्यांसाठी वेगळा नमुना लागतो. तो वाळवायचा नाही, चाळायचा नाही, त्याच दिवशी जाळी लावलेल्या नरसाळ्यात ठेवायचा. वर ४० वॅटचा जुना पिवळा बल्ब, खाली ७० टक्के अल्कोहोल. एलईडी चालत नाही, कारण जीव खाली ढकलते ती उष्णता. दिवा फार जवळ आणला की वरचा थर झपाट्याने सुकतो आणि कोळीकिडे आतच मरतात. गांडुळं हाताने वेचा: २५ बाय २५ सेंटिमीटरचा खड्डा, २० खोल, माती परत भरून. जानेवारीत ती खोल गेलेली असतात. तेव्हाची संख्या पावसाळ्यातल्या संख्येशी ताडू नका.

राष्ट्रीय उद्यानात काम असेल, तर वन विभागाची लेखी परवानगी लागते. हंगाम जवळ येण्याची वाट न पाहता अर्ज करा.

माळाच्या राखणीची खरी गाठ पडते कागदावरच्या ‘पडीक’ या शब्दाशी. पडीक म्हटलं की झाडं लावायला खड्डे, मग सावली, आणि उन्हातलं गवत मागे हटतं. कापणीचा पेच वेगळा. कुसळी गवताचं बी पिकलं की त्याची टोकं जनावराच्या तोंडाला बोचतात, म्हणून चाऱ्यासाठी कुसळी आधीच कापतात, आणि मग बी पडतच नाही. मालकाशी बोलून एक पट्टा न कापता सोडायला सांगा, दरवर्षी वेगळा.