लेथचं पहिलं पुस्तक घेताना या चुका टाळा

जळगावच्या एमआयडीसीत माझ्या शेडवर दरवर्षी दोन-तीन पोरं लेथ (धातू फिरवून कापायचं मशीन) शिकायला येतात. सोबत पुस्तक आणतात याचं मला कौतुक आहे. पण ते निवडताना त्याच त्या चुका होतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे पुस्तकातले तक्ते कोणत्या पद्धतीचे आहेत, हे न बघणं. कापसाच्या ऐन हंगामात एका जिनिंगवरून अर्ध्या इंची स्टड (आटे पाडलेला, बिनडोक्याचा बोल्ट) नमुन्याला आला, तसेच आठ हवे होते. मी बाहेरगावी होतो. पोरगा हुशार, हात स्वच्छ. त्याने जाडजूड अमेरिकन पुस्तक उघडलं, अर्धा इंच जाडीला दर इंची १३ आटे वाचले आणि आठही स्टडवर तेच आटे पाडले. जिनिंगवर नट दोन-तीन फेरे गेला आणि जाम झाला. फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, आणि पोरगा मला फोनवर सांगतो, "भाऊ, पुस्तकमा तेराच लिखेल शे!"

पुस्तक बरोबरच होतं, पण त्यातला तक्ता यूएनसीचा, म्हणजे अमेरिकन आट्यांचा. आपल्याकडच्या जुन्या मशिनांवर अजून बीएसडब्ल्यू, म्हणजे ब्रिटिश पद्धतीचे आटे आहेत. त्यात अर्धा इंच जाडीला दर इंची १२ आटे आणि आट्याचा कोन ५५ अंशाचा. यूएनसीचा ६० चा. पाव इंचाला दोन्हीकडे २०, पाऊण इंचाला दोन्हीकडे १०, त्यामुळे फरक लक्षात येत नाही. अर्धा इंच मात्र फसवतो. त्या रात्री परत येऊन मी नवे आठ स्टड केले. नमुना टेबलावरच पडलेला होता, पिच गेज (आट्यांमधलं अंतर तपासायची दातेरी पट्टी) लावायला अर्धं मिनिट पुरलं असतं. म्हणून माझ्याकडे आधी गेज, मग तक्ता. आणि मेट्रिक व बीएसडब्ल्यू असे दोन्ही तक्ते नसतील, तर ते पुस्तक मी पोरांना घेऊच देत नाही.

दुसरी चूक घाईची. पहिलंच पुस्तक म्हणून मशिनरीज हँडबुक घेतात. १९१४ पासून निघणारा हा ग्रंथ मलाही लागतो, पण काय शोधायचं हे ज्याला कळतं त्याच्यासाठी तो आहे. टूल कसं घासायचं, जॉब (कापायचा तुकडा) चकात, म्हणजे तो धरणाऱ्या जबड्यात, कसा सेंटर करायचा, हे शिकायला आयटीआयच्या टर्नर (लेथकाम) ट्रेडची, निमी या सरकारी संस्थेची पुस्तकं घ्या, थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही. कानस आणि मार्किंगची पानं उलटून थेट आट्यांवर जाणारा पोरगा मला दोन दिवसांत ओळखू येतो. त्याला मी परत कानशीवर बसवतो.

कटिंग स्पीडच्या (टूलपुढून धातू किती वेगाने जावा त्याच्या) तक्त्यात टूल कशाचं धरलंय ते वाचा. ४० मिमीचा माइल्ड स्टीलचा बार, एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूल, मिनिटाला २५ मीटर धरले तर साधारण २०० फेरे येतात. कार्बाइड टूलचे १२० मीटर धरले की ९५० च्या वर जातात. तेवढ्यावर एचएसएस टूल निळं पडून बसतं. हिशेबातला आकडा मशिनच्या दोन गिअरांच्या मधे आला, तर मी खालचा घेतो.

परीक्षेचं गाईड म्हणजे पुस्तक नव्हे.

झेरॉक्स प्रत तर घेऊच नका. एम १० च्या (१० मिमी मेट्रिक) टॅपला, म्हणजे भोकात आटे पाडायच्या हत्याराला, ८.५ मिमीचं ड्रिल लागतं, आणि पुसट छपाईत तो ८ कधी ६ वाटतो, कधी ३.