साध्या मजकुराच्या एडिटरमध्ये समीकरणांभोवतीच्या ओळी कशा मोडाव्यात

लांब ओळ खिडकीत मावली नाही की एडिटर ती दोन प्रकारे मोडतो. सॉफ्ट रॅपमध्ये ओळ फक्त पडद्यावर मोडलेली दिसते, फाइलमध्ये ती एकच असते. हार्ड रॅपमध्ये एडिटर फाइलमध्ये खरोखरचा एंटर घालतो. नुसतं गद्य असेल तर कुठलाही प्रकार चालतो. समीकरण आलं की हार्ड रॅप धोक्याचा होतो, कारण ओळीची सुरुवात, ओळीचा शेवट आणि रिकामी ओळ यांना लाटेक (गणिती मजकूर छापण्याची पद्धत) आणि मार्कडाउन (साध्या खुणांनी मजकूर लिहिण्याची पद्धत) या दोन्हीकडे अर्थ आहे. म्हणून नियम असा ठेवावा: गद्यातल्या ओळी एडिटरने मोडल्या तर हरकत नाही, समीकरणातल्या ओळी मात्र लिहिणाऱ्यानेच मोडायच्या.

लाटेकमध्ये नेमकं काय बिघडतं

लाटेकमध्ये एक एंटर म्हणजे एक स्पेस, आणि गणितात स्पेसकडे दुर्लक्ष होतं. त्यामुळे $ च्या जोडीत, म्हणजे वाक्यातल्या सूत्रात, एंटर पडला तरी छापील सूत्र तसंच राहतं. खरी अडचण रिकाम्या ओळीची आहे. ती म्हणजे नवा परिच्छेद, आणि गणिताच्या मधोमध परिच्छेद चालत नाही. ‘मिसिंग $ इन्सर्टेड’ ही चूक बऱ्याचदा इथूनच येते. स्वतंत्र ओळीवरच्या समीकरणाच्या आधी किंवा नंतर रिकामी ओळ घातली तर चूक येत नाही, पण आधी जादा मोकळी जागा सुटते आणि नंतरचा मजकूर नवा परिच्छेद म्हणून आत सरकून सुरू होतो. ‘नीटनेटकं’ दिसावं म्हणून समीकरणाभोवती रिकाम्या ओळी घालणारं साधन लाटेकसाठी वापरू नये.

सगळ्यात वाईट चूक टिप्पणीची. % पासून ओळीच्या शेवटापर्यंतचा मजकूर लाटेक वाचत नाही. आता ही दोन ओळींची फाइल पाहा:

वेग $व = स/क$ असतो. % क शून्य नसावा
त्वरण पुढच्या विभागात येईल.

परिच्छेद पुन्हा रचताना एडिटरने या दोन ओळी जोडल्या, तर त्वरणाचं वाक्य टिप्पणीत जातं आणि छापील पानावरून नाहीसं होतं, कुठलीही सूचना न देता. उलट बाजूने, टिप्पणी मधेच मोडली तर तिची शेपटी पानावर छापून येते. म्हणून ज्या ओळीत % आहे तिचा शेवट एडिटरने पक्का मानावा. तिला पुढची ओळ जोडू नये आणि ती मोडूही नये. \% म्हणजे टिप्पणी नव्हे, टक्क्याचं चिन्ह. हा फरक साधनाला कळायलाच हवा.

~ म्हणजे जिथे ओळ तुटू द्यायची नाही अशी स्पेस. या चिन्हाजवळही ओळ मोडू नये. त्याच्या लगेच पुढे एंटर पडला तर त्याची एक आणि एंटरची एक अशा दोन स्पेस छापल्या जातात.

मार्कडाउनमध्ये ओळीची सुरुवात जपा

इथे धोका वेगळा आहे. कॉमनमार्क या मार्कडाउनच्या प्रमाण रूपाच्या नियमांत परिच्छेद, यादी, अवतरण अशी मोठी रचना आधी ठरते आणि वाक्यातल्या गोष्टी नंतर पाहिल्या जातात. त्यामुळे ही साधी दिसणारी मोडणी सूत्राचे दोन तुकडे करते:

म्हणून $क = ख
+ ग$ मिळतं.

दुसरी ओळ + आणि स्पेसने सुरू होते, म्हणून ती यादीतला मुद्दा ठरते. एक $ परिच्छेदात राहतो, दुसरा यादीत जातो आणि सूत्र उरतच नाही. - आणि * यांचंही तसंच. > ने सुरू झालेली ओळ अवतरण होते. ओळीवर फक्त = उरलं तर वरचा अख्खा परिच्छेद मथळा होतो. पॅनडॉक या फाइल रूपांतराच्या साधनाच्या स्वतःच्या मार्कडाउनला यादीआधी रिकामी ओळ लागते, त्यामुळे तिथे नीट दिसणारी फाइल दुसरीकडे फुटू शकते.

पॅनडॉकची आणखी एक अट आहे: उघडणाऱ्या $ च्या लगेच पुढे आणि मिटणाऱ्या $ च्या लगेच मागे मोकळी जागा नको. एंटरही मोकळी जागाच. म्हणजे $ ला चिकटून ओळ मोडली की गणित संपलं, पानावर नुसतं डॉलरचं चिन्ह दिसतं.

यातून हाताने मोडण्याची पद्धत ठरते, आणि ती दोन्हीकडे सारखी नाही. लाटेकच्या फाइलमध्ये ओळ चिन्हाच्या आधी मोडावी; नवी ओळ = किंवा + ने सुरू झाली की वाचणाऱ्याला ती आधीच्या ओळीचा पुढचा भाग आहे हे लगेच कळतं. मार्कडाउनमध्ये मात्र चिन्ह आधीच्या ओळीच्या शेवटी ठेवावं. स्वतंत्र समीकरण अनेक ओळींचं असेल तर प्रत्येक \\ (समीकरणातल्या ओळीचा शेवट) नंतर नवी ओळ घ्यावी आणि & ही रांग लावण्याची चिन्हं एकाखाली एक आणावीत:

(क + ख)^२ &= (क + ख)(क + ख) \\
          &= क^२ + २कख + ख^२

ही रांग लावणं हे लिहिणाऱ्याचं काम आहे. कुठल्याही आपोआप रचनेने ती विस्कटू नये. मार्कडाउनमध्ये जिथे ‘मॅथ’ नावाचा कोड-फेन्स (जसाच्या तसा ठेवला जाणारा, कुंपण घातलेला भाग) चालतो तिथे असं समीकरण त्यातच ठेवावं; आत ना यादी तयार होते ना \\ चं \ होतं.

एडिटर कसा लावावा

विममध्ये ‘टेक्स्टविड्थ’ ० ठेवा आणि ‘फॉरमॅटऑप्शन्स’मधून टी आणि ए काढून टाका; म्हणजे टाइप करताना आपोआप एंटर पडणार नाही. फाइलप्रकाराचे प्लगइन ही अक्षरं परत घालू शकतात, म्हणून सेटिंग त्यांच्या नंतर चालेल अशा जागी लिहा. मग ‘रॅप’, ‘लाइनब्रेक’ आणि ‘ब्रेकइंडेंट’ चालू करा. ‘लाइनब्रेक’ कुठे मोडायचं हे ‘ब्रेकअ‍ॅट’वरून ठरवतो आणि त्याच्या मूळ यादीत स्पेस, टॅबबरोबर + - * / हीसुद्धा चिन्हं आहेत. त्यामुळे पडद्यावर सूत्रं उणे चिन्हापाशी तुटलेली दिसतात. ‘ब्रेकअ‍ॅट’मध्ये फक्त स्पेस ठेवली की हे थांबतं.

विमची परिच्छेद पुन्हा रचणारी जीक्यू आज्ञा रिकाम्या ओळी पाहून परिच्छेद ओळखते. लाटेकमध्ये समीकरणाभोवती रिकामी ओळ नसते, म्हणून ती समीकरणही गद्यात कालवून टाकते. उपाय सोपा आहे: समीकरणाच्या वर आणि खाली एक-एक ओळ अशी ठेवा जिच्यात फक्त % असेल. लाटेकला ती दिसत नाही, परिच्छेद तुटत नाही, आणि जीक्यू मात्र गद्य आणि समीकरण एकमेकांत मिसळत नाही. ईमॅक्सचा टेक मोडही अशी ओळ परिच्छेदाची सीमा मानतो.

ईमॅक्समध्ये ‘फिल-कॉलम’, म्हणजे ओळीची कमाल रुंदी, मुळात ७० असतो. सगळ्यात निर्धोक वाट म्हणजे ‘ऑटो-फिल’ बंद आणि ‘व्हिज्युअल-लाइन’ मोड चालू. हार्ड रॅप हवाच असेल तर ऑकटेक या ईमॅक्सच्या लाटेक-पॅकेजमधलं ‘टेकमॅथपी’ हे फंक्शन ‘फिल-नोब्रेक-प्रेडिकेट’मध्ये घाला; कर्सर गणितात आहे की नाही हे ते सांगतं आणि तिथे ओळ मोडू देत नाही.

व्हीएस कोडमध्ये ‘वर्डरॅप’ला ‘बाउंडेड’ द्या आणि ‘वर्डरॅपकॉलम’ ८० ठेवा. खिडकी आणि ८० यांतलं जे लहान तिथे ओळ दिसायला मोडते. हे फक्त दिसण्यापुरतं असतं, फाइलला हात लागत नाही. सेव्ह करताना प्रिटियर (फाइलची मांडणी आपोआप लावणारं साधन) चालत असेल तर त्याचा ‘प्रोजरॅप’ ‘प्रिझर्व्ह’वरच असू द्या. पॅनडॉकने मार्कडाउन पुन्हा लिहून घेताना ‘रॅप’ पर्याय ‘प्रिझर्व्ह’ द्या, नाहीतर तो ७२ रकान्यांवर सगळं नव्याने रचतो.

गद्यासाठी आमची शिफारस एका ओळीत एक वाक्य अशी आहे. परिच्छेद पुन्हा रचायची वेळच येत नाही, आणि गिटमध्ये (फाइलींतले बदल नोंदवणारं साधन) एक चिन्ह बदललं तर एकच वाक्य बदललेलं दिसतं.

साधन स्वतः लिहीत असाल तर

आधी पक्क्या सीमा ओळखा: रिकामी ओळ, बिगिन ते एंड, \[ ते \], $$ ची जोडी, कोड-फेन्स, % असलेली ओळ. या भागांना हात लावू नका. उरलेल्या गद्यात $ च्या जोडीतलं सगळं एकच शब्द समजा, आत स्पेस असली तरी. सूत्राला चिकटलेलं सगळं त्याच शब्दात धरा: स्वल्पविराम, कंस, ~, आणि मराठीत तर विभक्तीचा प्रत्ययही. ‘$क$च्या’ हा एक शब्द आहे, तो $ पाशी तोडला तर पानावर ‘च्या’ वेगळा पडतो. रुंदी रकान्यांत मोजा, बाइटमध्ये नाही. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, त्यामुळे बाइट मोजणारं साधन मराठी ओळी फार लवकर मोडतं.

सूत्र मर्यादेपेक्षा लांब असेल तर त्याला स्वतःची ओळ द्या आणि बाहेर जाऊ द्या. तोडायचंच असेल तर टेकचा, म्हणजे लाटेकच्या मुळाशी असलेल्या छपाईच्या प्रोग्रामचा, क्रम पाळा. वाक्यातलं सूत्र छापताना टेक = किंवा < सारख्या चिन्हानंतर तोडायला ५०० दंड लावतो (दंड जितका मोठा तितकं तिथे तोडणं तो टाळतो), + सारख्या चिन्हानंतर ७००, आणि महिरपी कंसांच्या किंवा लेफ्ट-राइट जोडीच्या आत तो तोडतच नाही. साधनानेही आधी = पाहावं, मग +, आणि कंसात शिरू नये.

परिच्छेद संपला तरी एखादा $ मिटला नसेल तर तो परिच्छेद जसाच्या तसा सोडा. तो \$ आहे, पैशाची रक्कम आहे की टाइप करायचं राहून गेलंय, हे ठरवणं साधनाचं काम नाही.

चाचणी दोन टप्प्यांत करा. रचना केलेल्या फाइलवर साधन पुन्हा चालवा; काहीही बदलता कामा नये. मग जुन्या आणि नव्या फाइलचं छापील रूप ताडून पाहा: लाटेक असेल तर दोन्ही पीडीएफमधला मजकूर, मार्कडाउन असेल तर ‘रॅप’ला ‘नन’ देऊन काढलेलं एचटीएमएल. मूळ फाइलींतल्या सगळ्या स्पेस आणि एंटर सारखे करून तुलना करणं पुरेसं नाही. टिप्पणीत गिळलेलं वाक्य आणि + मुळे झालेली यादी त्या तुलनेत दिसतच नाहीत, कारण तिथे अक्षरं तीच असतात, फक्त एंटरची जागा बदललेली असते.